कुजबुजही सांगितली!

मुलुंड, शुक्रवार, १४ नोव्हेंबर १९८६

वर्ग वाचला! निदान एक वर्ष तरी. आधी हे लिहून टाकते.

माझ्या बहिणीला, ताराला, जन्मापासून ऐकू येत नाही. कॉलेजात ती दुभाष्यांना खुणांची भाषा शिकवते. मुलं कमी, म्हणून वर्ग बंद करायचं घाटत होतं. आज समिती आली. मीही मागच्या बाकावर. ताराची विद्यार्थिनी विनया समितीचं बोलणं तिला खुणांनी सांगत होती. मध्येच अध्यक्ष शेजाऱ्याच्या कानाशी पुटपुटले, "बंदच करायचाय हो. चहा घेऊ नि सटकू."

विनयानं तेही हातांनी सांगून टाकलं. दुभाष्यांचा नियमच तो, कानावर पडेल ते सगळं पोचवायचं. मी गारच!

ताराचे हात झरझर हलले. दुभाष्यानं 'मी' म्हणूनच बोलायचं असतं, तशी विनया शांतपणे म्हणाली, "मी चहा देणार नाही. आधी वर्ग बघा, मग सटका."

अध्यक्ष लालबुंद. मग एकदम खो खो हसले. "अहो, या पोरीनं माझी कुजबुजसुद्धा सोडली नाही! कोर्टात, इस्पितळात असंच माणूस हवं. घ्या, एक वर्ष देतो."

ती कुजबुज अजून डोक्यात आहे. मी असते तर? गाळलीच असती, ताराला लागू नये म्हणून. घरी आम्ही सगळे तेच करतो ना! विनयानं गाळली नाही, म्हणून तारा आज स्वतः भांडली. आणि काय झकास भांडली!