दोन रेषांमधला खळगा

शेळगाव, शनिवार, १२ फेब्रुवारी १९९४

डोंगराचा नकाशा पुरा झाला. दर दहा मीटर उंचीला एक रेषा, हा नियम. मेंढ्यांच्या पाण्याचा खळगा जेमतेम चार मीटर खोल, म्हणून दोन रेषांमध्ये हरवला. वनखातं तिथे नुसता उतार समजून रोपं लावणार, कुंपण घालणार.

दुपारी म्हाताऱ्या मेंढपाळ तात्यांनी कागदावर बोट फिरवलं. "सायेब, आमचा खळगा कुठं हाय?"

"नियमानं येत नाही, तात्या."

"आख्खा कळप पाणी पितोय, आन् कागदाला दिसंना व्हय? चष्मा लावा की त्याला!"

सगळे हसले. मीही. का हसलो?

संध्याकाळी पेन्सिलीने खळगा काढला, खोडला. दोनदा. वरचे साहेब असला नकाशा परतच पाठवतील. शेवटी खळग्याविना सही केली. नियमाने बरोबरच आहे.

उद्या डोंगरावर रोवलेली मोजणीची निशाणं उपटून आणायला खळग्यावरूनच जायचंय. तात्या तिथेच असतील.