नुसता दर्या बघायला

अण्णा, गेल्या आठवड्यात मी समुद्र बघून आले. काम नव्हतं, कुणी बोलावलं नव्हतं, सोबतही कुणी नव्हतं. जर्मनीत मी राहते तिथून विमानानं अडीच-तीन तासांवर, पोर्तुगालमध्ये पोर्टो नावाचं शहर आहे. तिथे दोन दिवस राहिले आणि नुसती बघत बसले. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, पण ही बातमी मी मुद्दाम तुम्हालाच कळवते आहे.

शहर चढउतारांचं आहे. घरांच्या भिंतींना निळ्या-पांढऱ्या फरशा, गच्चीगच्चीत वाळत घातलेले कपडे, आणि खाली रुंद नदी. नदीकाठानं एक जुनी ट्राम जाते, ती नदी समुद्राला मिळते तिथे नेऊन सोडते. दगडी कठड्यापाशी एक म्हातारा-म्हातारी घडीच्या खुर्च्या टाकून समुद्राकडे तोंड करून बसली होती. जवळ जाळं नाही, विकायला काही नाही. मी मधूनमधून त्यांच्याकडे बघत होते, की आता उठतील, कामाला लागतील. ती काही उठली नाहीत.

आणि मग मी नऊ वर्षांची असते. दिवाळी झाली की आपण माळशेज उतरून कोकणात जातो, लोकांच्या शेतात मेंढरं बसवतो, लेंडीखताच्या बदल्यात भात घेतो. आई घोड्यावर बिऱ्हाड लादून पुढे, तुम्ही कळप घेऊन मागे. मुक्कामावर कोकरं राखायचं काम माझं. समुद्र टेकडीपलीकडे आहे, वाऱ्याला त्याचा वास येतो, पण आपल्या बिऱ्हाडातल्या कुणीही तो पाहिलेला नाही. एका दुपारी मी दोन दिवसांचं एक कोकरू खांद्यावर घेतलं आणि टेकडी ओलांडली. ते मळलं होतं म्हणून लाटेत चांगलं धुतलं. वाटलं, तुम्ही खूश व्हाल. संध्याकाळी मेंढीनं त्याला हुंगलं आणि ढुशी मारून लांब ढकललं. खाऱ्या पाण्यानं अंगाचा वासच गेला होता, तिला ते आपलं वाटेना. मेंढपाळाच्या पोरीला एवढं कळायला हवं होतं, हे मला आजही मान्य आहे. तुम्ही तीन दिवस तिचंच दूध काढून त्याच्या अंगाला चोळलंत, तिचा पाय धरून त्याला पाजलंत. चौथ्या दिवशी तिनं त्याला जवळ केलं.

मला मात्र तुम्ही सगळ्यांसमोर उभं केलंत. “दर्या बघून प्वाट भरलं का तुजं?” मी म्हटलं, “नुसतं बघायला गेल्ते.” “नुसतं बघत्यात ती बसून खानारी मानसं. आपली न्हाई.” चुलते हसून म्हणाले, “राव, हिला पालखी आना की! रानीसरकार हाय ती.” पुढच्या हंगामात तुम्ही मला निरगुडसरला मावशीकडे ठेवलंत. “हिचा मेंढरांत काय उपेग न्हाई,” असं म्हणून. मावशीच्या घरासमोर शाळा होती. आता लोक म्हणतात, बापानं शिकवली, घरातली पहिली पदवीधर केली. नाही अण्णा. तुम्ही मला शिक्षा केलीत आणि मी तिच्यातून शिकून घेतलं.

तुम्ही उन्हातान्हात चालून आम्हाला जगवलंत, ते मी विसरणार नाही. पण बसून खाणाऱ्या माणसांचं ते वाक्य मी मानत नाही. आई एवढी वर्षं त्या टेकडीच्या अलीकडे चूल मांडत आली. पलीकडे बघण्यासाठी तिनं आधी अजून किती राबायचं होतं?

पोर्टोत त्या कठड्यावर बसले असतानाच तिचा व्हिडिओ कॉल आला. माझ्या मागे पाणी दिसलं असावं. “कुठं हाईस गं? हापिसानं धाडलं व्हय?” आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “हो, मीटिंग आहे.” फोन ठेवला आणि स्वतःचीच चीड आली. तीन वर्षांत जिथे जिथे फिरले, घरी ट्रेनिंगच सांगत आले. दहा मिनिटांनी मी परत फोन लावला. “आई, मीटिंग नाय. मी नुसतं बघायला आलेय.” मागून भाऊ ओरडला, “दर्या बघायला इमानानं! लई काम हाय बाबा हिला!” आई त्याच्यावर खेकसली, “गप ए, तुला कुनी इचारलं?” मग मला म्हणाली, “मंग बघ की नीट. फोनात काय तोंड घालून बसलीस? आन जरा तिकडं फिरव त्यो, मलाबी दिसूंदे.” मी फोन पाण्याकडे धरला. “अजून तिकडं,” म्हणत तिनं तो चहूकडे फिरवायला लावला. शेवटी म्हणाली, “लईच हाय गं.”

या दिवाळीला मी येणार आहे आणि तिला समुद्रावर नेणार आहे. वाटेत देव नाही, पाहुणे नाहीत, कसलंही निमित्त नाही. भावाला सांगून टाकलंय, चार दिवस मेंढरं तू बघ.

तुम्हाला वाचता येत नव्हतं. आलेला कागद मीच तुम्हाला वाचून दाखवायचे. हा दाखवला नसता. एवढं सगळं ठणकावून लिहिलं खरं, पण त्या दिवशी आईच्या मागे भावाऐवजी तुमचा आवाज आला असता, तर मी परत फोन लावला नसता. मीटिंगच सांगितली असती, आणि ती कशी छान झाली, हेसुद्धा.