इंजिनरूमचा फोन

बाबा, परवा मी अमरावतीच्या कोर्टात साक्ष दिली. खटला मात्र इथला नव्हता. न्यायाधीश समुद्रापलीकडच्या देशात बसले होते आणि पडद्यावर दिसत होते. मी कॉलेजात असतानाच तुम्ही गेलात, त्यामुळे पुढे मी जहाजावर इंजिनीअर झालो हे तुम्हाला ठाऊक नाही. आमचं जहाज तेलवाहू. एका संध्याकाळी भर समुद्रात इंजिन थांबवायचा हुकूम आला, दुसरं जहाज शेजारी येऊन लागलं आणि त्यातलं तेल आमच्या टाक्यांत आलं. ते चोरीचं होतं असं त्या देशाचं म्हणणं. त्यांनी जहाज जप्त केलं. आम्ही कितीतरी महिने त्याच जहाजावर, किनारा दिसत असताना, कैदेत होतो. शेवटी बाकीच्यांना सोडलं आणि कप्तानाला ठेवून घेतलं, कारण पहिल्या जबाबात आम्ही सगळ्यांनी एकच सांगितलं होतं: हुकूम कप्तानाचा.

आम्ही खोटं बोललो नव्हतो. जहाजावर तसंच बोलतात. जेवणाची वेळ बदलली तरी ती कप्तानाची ऑर्डर. तुमच्या अकोल्याच्या जिनिंगमध्ये, कापसातली सरकी काढायच्या त्या कारखान्यात तरी वेगळं काय होतं? सेठजी हंगामात एखाद्या वेळी यायचे, पण मशीनचा पट्टा बदलला तरी 'सेठजीनं सांगतलं', आणि मुकादमानं कोणाला बिडी विझवायला लावली तरी 'सेठजीनं सांगतलं'.

रुईच्या ढिगाला आग लागली ते साल मला चांगलं आठवतं. तुमच्या शर्टाचा जळका वास धुऊनही जात नव्हता. कापसातून मशीनमध्ये खडा गेला होता, ठिणगी दिसली होती, तरी मशीन चालूच राहिली. चौकशीला आलेल्या साहेबांनी विचारलं, चालू ठेवायला कोणी सांगितलं? सगळे म्हणाले, सेठजीनं. तुम्ही म्हणालात, सेठजी तिथं नव्हतेच, मुकादमानं सांगितलं. मुकादम आपल्या भिंतीला भिंत लागून राहणारा. त्या संध्याकाळी आई भाकरी थापते आहे आणि तव्याकडे बघत तुम्हाला बोलते आहे, "तुमालेच काहून पुळका आला होता? चार जन म्हनते तसं म्हनाचं." तेवढ्यात मुकादमाचा भाऊ दारात. "मशीनपाशी राहू राहू तुमचे कान गेले. घरातली हाक आयकू येत नाही, अन् माह्या भावाचा आवाज बरा ओयखला?" तुम्ही हात धूत होतात. म्हणालात, "आवाज नाही ओयखला. तोंड पायलं."

तो आला तसा परत गेला. त्या खडखडाटात सगळे एकमेकांचे ओठ बघूनच बोलणं समजून घेतात, हे त्यालाही माहीत होतं. तुम्ही तर घरी जेवतानाही आमच्या तोंडाकडे बघायचात. मुकादमाचं काम गेलं. त्यांच्या घरून येणारं विरजणही बंद झालं.

इंजिन थांबवायचा फोन खाली इंजिनरूममध्ये मी घेतला होता. "इंजिन बंद. कप्तानसाहेबांची ऑर्डर." आवाज चीफ ऑफिसरचा, म्हणजे कप्तानाच्या खालोखालच्या अधिकाऱ्याचा होता. कैदेत मला ताप भरला तेव्हा स्वतःच्या वाटणीचं पाणी मला पाजणारा तो माणूस. सुटून घरी आला आहे आणि परवा पडद्याच्या एका चौकोनात बसून ऐकत होता. साक्षीच्या आधी कप्तानाच्या बायकोचा फोन आला होता. "भाऊ, साहेब झोपले होते एवढंच म्हणा ना." मी म्हटलं, वहिनी, मी खाली होतो, मला कसं दिसणार?

कोर्टातही तेच सांगितलं. कप्तान त्या वेळी वर होता का, ते मला माहीत नाही. फोनवर त्याचा आवाज नव्हता. मग कोणाचा होता? चीफ ऑफिसरचा. सरकारी वकिलानं विचारलं, खात्री आहे? मी म्हटलं, आहे.

संध्याकाळी वहिनींचा पुन्हा फोन आला. "झोपले होते म्हणाला असतात तर काय बिघडलं असतं?" त्यांना रडू येत होतं. चीफ ऑफिसर रोज सकाळी ख्यालीखुशाली विचारायचा. कालपासून त्याचा निरोप नाही. निकाल अजून लागायचा आहे. कप्तान सुटला तर दोष चीफ ऑफिसरवर जाईल, हे त्यालाही कळतं आणि मलाही.

कालपासून मी तो फोन मनात पुन्हा पुन्हा ऐकतो आहे. इंजिन चालू होतं. कानांवरच्या आवाज अडवणाऱ्या वाट्यांपैकी एकच मी सरकवली होती. दोन वाक्यं, तीही घरघरीतून आलेली. त्या वेळी वर ड्यूटी चीफ ऑफिसरची असते, हे मला आधीच माहीत होतं. मग आवाज मी ओळखला, की त्याचाच असणार असं धरून चाललो? बहुतेक त्याचाच होता. पण बहुतेक हा शब्द मी कोर्टात वापरला नाही. मी 'आहे' म्हटलं, तुमच्यासारखं, न अडखळता. तुम्ही तोंड पाहिलं होतं.

खरं तर हे वकिलांना कळवायला हवं. तुम्हाला लिहितो आहे, कारण तुम्हाला पाठवावं लागत नाही.