मान दोन बोटे वळवून मागचे पाहणाऱ्या नातीचे उड्डाण थांबविणेबाबत

प्रति,
मा. मुख्य उड्डाण प्रशिक्षक,
उड्डाण प्रशिक्षण केंद्र.

अर्जदार: निवृत्त बसचालक (आपल्या प्रशिक्षणार्थीचे आजोबा)

विषय: नातीचे उद्या सकाळचे पहिले एकटीचे उड्डाण तूर्त थांबविणेबाबत.
संदर्भ: आज दुपारी चौकात घडलेला प्रकार.

महोदय,

उपरोक्त विषयी सादर करतो की, माझी नात घरच्या संगणकावर विमान चालविण्याचा सराव करते. टोपीला दिवे असतात, पडद्यावरचा कॅमेरा ते पाहतो आणि आपण डोके फिरवू तसे विमानाबाहेरचे दृश्य फिरते. जन्मभर बस हाकून माझी मान खांब झाली आहे. मलाही उडता यावे म्हणून नातीने मायेने असे सेटिंग केले की, मान दोन बोटे वळली तरी थेट विमानाची शेपटी दिसावी.

२. आधी यंत्राने छळले. दृश्य आपोआप खिडकीकडे वळे; उन्हाच्या कवडशालाच कॅमेरा टोपीचा दिवा समजत होता. खिडकीला पडदा लावला. मग दृश्य थरथरू लागले. माझीच मान थरथरते असे निघाले, तेव्हा बारीक हालचालीकडे काणाडोळा करण्याची मर्यादा वाढविली. तरी नजर मध्येच छताला भिडे, कारण टोपी आणि माऊस दोघेही तिला ओढत होते. माऊसचे ते काम काढून घेतले. एकदा सून चकचकीत तांब्या घेऊन मागून गेली, तर विमान तिच्यामागे स्वयंपाकघरापर्यंत गेले. (स्वयंपाकघर मी पदरचे जोडले आहे.)

३. सगळे सुरळीत झाले आणि तिथेच घात झाला. नातही त्याच सेटिंगवर सराव करीत राहिली. मूळ सेटिंग परत लावायचे कोणालाच सुचले नाही.

४. आज आम्ही दोघे रस्ता ओलांडत होतो. तिने मान उजवीकडे दोन बोटे वळविली, डोळे समोरच ठेवले आणि पाऊल टाकले. मी वेणी धरून मागे ओढली. ट्रक माझी चप्पल घेऊन गेला. ती रागावून म्हणाली, "आजोबा, मी पाहिलं होतं. रस्ता रिकामा होता." महोदय, ती खोटे बोलत नव्हती. डोळे समोर ठेवून मान दोन बोटे वळविली की सगळे दिसते, हे तिच्या अंगात मुरले आहे.

५. घरी सांगितले तर सुनेने भाजी निवडता निवडता विचारले की, बाबा, ट्रक एकच होता की सात? माझ्या बोलण्यातले निम्मे वजा करायचे, ही घरची रीत आहे. आपणही करावे. निम्मे वजा केले तरी ट्रक उरतो.

६. आपल्यासोबत उडताना ती मान नीट वळविते, असे आपण म्हणाल. वळवत असेल, आपण शेजारून "डावीकडे बघ" म्हणता. उद्या शेजारची खुर्ची रिकामी असेल.

७. सबब विनंती की, विमानाजवळ नेण्याआधी तिला मोकळ्या मैदानात उभे करून, मागे कोण आहे एवढेच विचारावे. मी मागे उभा असेन, खोकणारही नाही. तिची हनुवटी खांद्याला लागली, तर विमान द्यावे आणि मला थापाड्या म्हणून हाकलावे. मान दोन बोटे वळवून ती "कोणी नाही" म्हणाली, तर किल्ली आपल्याच खिशात ठेवावी.

आपला नम्र व घाबरलेला,
(सही)
दिनांक: आजचा. उद्या उशीर होईल.

सोबत: पुरावा जोडलेला नाही. ट्रक थांबला नाही.