वय माहीत नसलेली एकेचाळीस माणसं

९ जानेवारी १९९६
डोळ्यांच्या शिबिराचं काम आलं. एका ट्रस्टने खाडीकाठच्या वस्त्यांत मोतीबिंदूची पाहणी केलीय. दारोदार फिरल्या त्या त्यांच्या आरोग्यसेविका, लताताई. त्यांचे ६१२ फॉर्म मी आकडेवारीच्या पॅकेजात भरलेले आहेतच. आता ते सगळं तिथून उचलून डेटाबेसच्या टेबलात एकदम ओतायचं. टेबलातून पत्रं छापणार. पत्र मिळेल त्यालाच ऑपरेशन. आमचे दामले सर : "शुक्रवारी पत्रं पोस्टात पडली पाहिजेत."

११ जाने.
लोड, म्हणजे ते ओतणं, दोनदा मध्येच थांबला. दहा ओळी चुकल्या की थांबतो. वैताग. चुकांची मर्यादा पाचशे केली. मग सरळ शेवटपर्यंत गेला. सर खुर्चीमागे उभे. "झालं? शाब्बास." नाकारलेल्या ओळींची वेगळी फाइल तयार होते, ती उघडणार होते, तेवढ्यात त्यांनी प्रिंटर सुरू केला. म्हटलं उद्या बघू.

१३ जाने.
कालपासून ताप. घरीच, डोंबिवलीला. पत्रं गेली असतील.

१७ जाने.
नौपाड्याला ऑफिसात गेले, आधी ती फाइल उघडली. ४१ ओळी.
सगळीकडे वयाच्या जागी नुसतं टिंब. माहिती नसली की पॅकेज टिंब ठेवतं. आणि टेबलात वय हवंच, ही अट मीच घातलेली. टिंब आलं, ओळ बाहेर.
नावं वाचली. पार्वती, हिरा, धाकू, बाळ्या. सगळी म्हातारी. जन्म कधी झाला ते कुणी लिहून ठेवलंय त्यांचं? म्हणजे सर्वांत आंधळी होती तीच नेमकी मी गाळली.

१८ जाने.
सरांना सांगितलं. चष्मा काढून बसले. "वय टाक ना काहीतरी. सगळ्यांना साठ टाक." टाकलं. दोन सेकंदांत ४१ ओळी आत. टेबल खूश.
मग ट्रस्टमध्ये फोन. तिथल्या बाई चांगल्या आहेत, ओरडल्या नाहीत. "पत्रं गेली हो. खाटा ठरल्या. डॉक्टर बाहेरून येतात, चारच दिवस." ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

२० जाने.
लताताईंनी बरोबर चल म्हटलं. कोपरीच्या पुढे, खाडीकडे. यादीतल्या हिराबाई ओट्यावर बसलेल्या, पुढ्यात सुकट. बोटांनी चाचपून कचरा काढत होत्या. आवाजावरून लताताईंना ओळखलं.
"चिठ्ठी आनलीस, बाय? शेजारनीला आली."
लताताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, आजी, माझ्याकडून चूक झाली. तुमचं वय लिहिलेलं नव्हतं, म्हणून नाव गळलं.
त्या हसल्या. "वय मना काय ठावं? ते इचारून डोला बरा व्हतो?"
सुनेने चहा दिला.

२८ जाने.
शिबिराला गेले. यादी हातात, दारात उभी. पत्र मिळालेले सात जण आलेच नाहीत. सात खाटा रिकाम्या! धावत आत गेले, म्हटलं माझ्या ४१ मधले सात घ्या, रिक्षाने आणते, कोपरी इथेच आहे. तरुण डॉक्टर, सभ्य. "रक्त, साखर कालच तपासलीय सगळ्यांची. तपासल्याशिवाय हात लावत नाही, बाई. उद्या काही झालं तर?" त्यांचं बरोबरच होतं. चुकलेलं माणूस एकच होतं, आणि ते दारात यादी घेऊन उभं.
पांढऱ्याशुभ्र चादरी. दुपारपर्यंत तशाच.

३० जाने.
सर म्हणतात, किती दिवस धरून बसणार? ६१२ मधले ४१. "कुठल्याही लोडमध्ये एवढं जातंच." जातं खरं. मीच नव्या पोरींना असं शिकवलंय.

६ फेब्रुवारी
ट्रस्टकडून निरोप : पावसाळा संपल्यावर दुसरं शिबिर घेता आलं तर बघू. तारीख नाही, कागद नाही. तरी लताताईंबरोबर सांगायला गेले. चौदा घरं झाली आज. दोन म्हातारे आता काठीशिवाय बाहेर पडत नाहीत. एक धाकूबाई, तिला लेकीने उरणला नेलेलं.
हिराबाई आत झोपलेल्या. सून हळू आवाजात बोलली. "चुलीशी हात भाजला त्यांचा परवा. ताई, पावसाळा होईपर्यंत उशीर नाय ना व्हायचा? तवा दिसेल ना त्यांना?"
मी म्हटलं, "हो, दिसेल."
परत येताना रिक्षात बसल्यावर लताताई म्हणाल्या, "तू डॉक्टर आहेस का गं?"
रागाने म्हणाल्या नाहीत.