आबांचं कुंडल

कोल्हापूर, २८ जून २०२५

ती. आबांस,
संयोगिताचा सा. न. वि. वि.

तुम्हाला फोनवर धड ऐकू येत नाही, म्हणून भावाबरोबर चिठ्ठी पाठवतेय. येत्या शनिवारी मुलींच्या एका शाळेत नोकरीसाठी दहावीच्या वर्गावर पाठ घेऊन दाखवायचा आहे. तारेच्या कुंडलात चुंबक आत-बाहेर केला की तारेत वीज तयार होते आणि मीटरचा काटा हलतो. तीन ठिकाणी नुसतं बोलले आणि नापास झाले, आता प्रयोगच करते. सोबतच्या तारेचे शंभर वेढे वळून द्याल? माझा हात म्हणजे तुम्हाला ठाऊकच आहे.

नोकरी लागो न लागो, माया असू द्यावी.
आपली संयोगिता

हुपरी, ३ जुलै

चि. संयोगितास अनेक आशीर्वाद.

कुंडल वाचून तुझी आई म्हणाली, पोरीला कानातलं पायजे व्हय? मी म्हटलं, ह्यो शास्त्राचा विषय हाय, तुला न्हाई कळायचा. मलाबी कळला न्हाई, पण ते बोललो न्हाई. चाळीस वर्षं पैंजणाची तार वळतोय की! तुझ्या तारेवर लाखेसारखा कसलासा लेप हुता. जाळला, घासला, तार लख्ख केली. वेढ्याला वेढा असा चिकटवलाय, मधनं केस जाणार न्हाई. कुणी इचारलं तर बापाचं नाव सांग.

म्हाताऱ्यावर लोभ ठेव.
तुझा आबा

कोल्हापूर, ९ जुलै

ती. आबांस सा. न. वि. वि.

विचारलं, आणि तुमचं नाव सांगितलं. आता हसून घ्या.

चुंबक ढकलला, काटा ढिम्म. मी आधी चुंबकाला दोष दिला, मग मीटरला. मग ती लख्ख तार दिसली. लेप म्हणजे तारेचं पांघरूण, आबा! ते गेल्यावर वीज वेढ्यांतून फिरेल कशाला? चिकटलेल्या वेढ्यांतून आडवीच पळाली. शंभर वेढ्यांची झाली एक नळी. आणि मी एम.एस्सी. झालेली बाई दोन दिवस तुमची कारागिरी मैत्रिणींना दाखवत होते, तपासलं एकदाही नाही.

पळून जावंसं वाटलं. पण मुलींना खरं सांगितलं आणि तार उलगडून, मध्ये वहीचा कागद घालत वीसच वेढे गुंडाळले. चुंबक झटकन आत नेला, काटा मुंगीएवढा सरकला. चुंबक आत तसाच धरून ठेवला, काटा शून्यावर. बाहेर काढला, काटा उलटा. मुली बाकांवर उभ्या राहिल्या. परीक्षकही राहिले असते, पण त्यांना पदाचा मान राखायचा होता.

जागा दुसऱ्या बाईंना मिळाली. मुलींनी मात्र मुख्याध्यापिकांकडे हट्ट धरला, म्हणून आठवड्याचे चार तास मला मिळालेत. सोमवारी पहिला. तुम्ही या. मुलींना वळायला तुम्ही शिकवा, लेपावर मी लक्ष ठेवते.

रागावला असाल तरी लोभ कमी करू नये.
तुमची संयोगिता