सकाळीच वाजणारी गाडी

३ फेब्रुवारी, मंगळवार

बरेच दिवस वहीला हात लावला नाही. चुकलंच. पण लिहिणार काय? डोक्यात एकच चाललंय — ठकठक!

सकाळी गाडी सुरू केली की पुढून आवाज येतो. बंद दारावर कुणी मुठी आपटाव्यात तसा. थोडा वेळ वाजतो आणि थांबतो. मग दिवसभर गाडी शहाण्यासारखी चालते. माझा मात्र जीव टांगणीला.

मुलाला फोनवर सांगितलं तिथेच फसलो. "बाबा, इंजिन गेलं. रविवारी भंगारवाला पाठवतो. गाडी देऊन टाका आणि दोघं इकडे या राहायला." एका दमात! गाडी गेली तर हिला व्यायामाला दवाखान्यात कशी नेणार? खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून बसची पायरी हिला चढवत नाही. म्हणजे गाडी गेली की घरही गेलं. मग पोराकडे पाहुण्यासारखं कोपरा धरून बसायचं. मी नाही जाणार. नाही म्हणजे नाही!

४ फेब्रुवारी

इंजिनातलं तेल मोजायची पट्टी काढून, पुसून, पुन्हा पुन्हा पाहिली. तेल खुणेपर्यंत आहे. मग गाडी मिस्त्रीकडे नेली. त्याने किल्ली फिरवली — आवाज नाही! बंद केली, पुन्हा फिरवली — नाही!

"काका, आवाज गाडीत नाही, तुमच्या कानात आहे."

गॅरेजातले सगळे हसले. तरी त्याने इंजिनाखालची रबरं पाहिली, दोन-चार नट आवळले. उपकार केल्यासारखे.

५ फेब्रुवारी

पुन्हा वाजली. पुन्हा नेली. पुन्हा गप्प! गाडीही त्यांनाच सामील झाली की काय?

ही म्हणाली, "अहो, एवढं काय जिवाला लावून घेता?" मी खेकसलो, "तुझ्याच पायासाठी चाललंय सगळं!" उगाच खेकसलो. ती फोन घेऊन आतल्या खोलीत गेली. सुनेशी बराच वेळ बोलत होती.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

आंघोळ करताना डोक्यात उजेड पडला! गाडी वाजते ती रात्रभर गार झाल्यावर. गॅरेजपर्यंत चालवत नेली की तापते. चोर पळाल्यावर त्याच्या पावलांचा आवाज ऐकायला बसलो होतो आम्ही!

मिस्त्रीला म्हटलं, सकाळी घरी येऊन ऐक. "काका, दुकान सोडून कुठे येऊ?" बरं. तू येत नाहीस ना, मग गाडी येईल. सुरू न करता येईल!

७ फेब्रुवारी, शनिवार

दंड अजून दुखतायत. अक्षर वाकडं आलं तर येऊ दे.

सकाळी शेजारच्या टेलरला हाक मारली. तो आणि मी ढकलणार. पण स्टिअरिंग कोण धरणार? ही काठी टेकत आली.

"मी बसते."

"तुला येतं का?"

"सरळच तर जायचंय. इतकी वर्षं संसार सरळ कुणी ठेवला?"

टेलर असा हसला की ढकलायचंच विसरला. हिला हँडब्रेक दाखवला आणि निघालो.

पेपरवाला आडवा आला. "काका, बंद पडली?"

"नाही, चालू आहे!"

"मग ढकलताय कशाला?"

"चालू आहे म्हणूनच!"

तो सायकल धरून बघतच राहिला. बँकेपाशी दम संपला. छातीचा भाता झाला. टेलर म्हणाला, "काका, जरा टेका." टेकतो कसला! ही आतून ओरडली, "थांबू नका, मला आता जमायला लागलंय!" किती दिवसांनी तिचा असा आवाज ऐकला.

मिस्त्री तोंड धूत होता. म्हटलं, "पुसू नको. आधी किल्ली फिरव."

ठक-ठक-ठक-ठक!

आयुष्यात इतका गोड आवाज ऐकला नाही. मिस्त्रीने लांब स्क्रूड्रायव्हर इंजिनाला टेकवून मूठ कानाला लावली. आवाज थांबल्यावर म्हणाला, "वरच्या अंगाला वाजतंय. तेल वेळेवर पोचत नाही." तेलाच्या फिल्टरमध्ये एक रबरी पडदा असतो म्हणे. तो तेल अडवून धरतो. तो गेला की रात्रीतून तेल खाली उतरतं आणि सकाळी वरचे भाग कोरडेच एकमेकांवर आपटतात. त्याने फिल्टर काढून फोडला. पडदा वाळक्या सालीसारखा कडक.

"कसला भिकार माल हा! कुणी बसवला?"

"तूच. मागच्या सर्व्हिसिंगला."

गॅरेज पुन्हा हसलं. या वेळी माझ्याकडे बघून नाही! चांगला फिल्टर बसवून घेतला, तेलही नवं. खरी परीक्षा उद्या सकाळी, गाडी गार झाल्यावर.

८ फेब्रुवारी, रविवार

किल्ली फिरवली. काही नाही! नुसती घुरघुर, झोपलेल्या मांजरासारखी.

भंगारवाला आला. म्हणाला, आवाज करणारी गाडी हीच ना? "बस आत, ऐक." बराच वेळ कान देऊन बसला. "काका, आवाज कुठाय?" "नाहीच. तेच ऐकवतोय!" रिकाम्या हाताने गेला. पोराच्या नाकावर टिच्चून गाडी दारात उभी आहे.

९ फेब्रुवारी

दवाखान्यातून परतताना सिग्नलला ही म्हणाली, "अहो, मला जायचंय पोराकडे. तुमची धडपड बघून तोंडातून निघत नव्हतं. दिवसभर तुम्ही गाडीत डोकं घालून, आणि मी एकटी खिडकीत." मागून हॉर्न वाजायला लागले. हिरवा कधी झाला कळलंच नाही.

आत्ताच मुलाला निरोप पाठवला — येतोय. दोघं. गाडी विकणार नाही, तिच्यातूनच येणार, मीच चालवणार! तुमच्याकडे ती लावायला जागा आहे का, तेवढं कळव. लवकर कळव. तुझी आई कपडे भरायला बसलीसुद्धा.